कॅबरे व्हॉल्टेअर आणि शेफील्ड: ऐकायला कुठून सुरुवात करू?

नादखुळी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचं ध्वनिसंयोजन करते. सध्या एका दीर्घांकावर काम चालू आहे. बंद पडायला आलेला कारखाना आणि त्यातली एक रात्रपाळी, एवढाच जीव आहे नाटकाचा. दिग्दर्शकाला यंत्रांचे आवाज हवेत, पण ते पार्श्वभूमीला लावून दिल्यासारखे नकोत. नटांच्या बोलण्यात ते मुरले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. महिनाभर मी नेटवरचे तयार आवाज लावून बघतेय, सगळे प्लास्टिकचे वाटतात.

परवा एका मित्रानं 'नॅग नॅग नॅग' ऐकवलं. गाणं म्हणावं की करवत म्हणावी कळेना, पण रात्री झोप लागेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. शोधल्यावर समजलं की हा कॅबरे व्हॉल्टेअर नावाचा बँड, इंग्लंडातल्या शेफील्डचा, आणि शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. मग तर राहवेना. पण यांच्या रेकॉर्ड्सची यादी बघून छातीत धडकी भरली. कुठून सुरू करू? त्यांच्या आजूबाजूला आणखी कोण होतं? आणि ते हे आवाज नेमके काढायचे कसे? तिसरा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

निळा_कंदील
वा! या बँडवर मराठीत कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी वीस वर्षं ऐकतोय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगतो.

माणसं तीन. रिचर्ड कर्क, स्टीव्हन मॅलिंडर आणि ख्रिस वॉटसन. वॉटसन टेलिफोन खात्यात इंजिनियर होता, आणि माझ्या मते या बँडचं निम्मं गुपित तिथंच आहे. ज्याला तारा, सोल्डर आणि चुंबकी पट्ट्या हाताळायची सवय आहे असा माणूस वाद्यापेक्षा आधी टेपरेकॉर्डर उचलतो. १९७३ साली वॉटसनच्या घराच्या माळ्यावर या तिघांनी सुरुवात केली. तिघांतल्या एकालाही रूढ अर्थानं वाद्य वाजवता येत नव्हतं. नाव घेतलं झुरिकमधल्या त्या छोट्या कॅबरेचं, जिथं १९१६ साली ह्यूगो बॉल आणि एमी हेनिंग्ज यांनी दादावाद्यांचा, म्हणजे कलेचे रूढ नियम उधळून लावणाऱ्यांचा, अड्डा मांडला होता. केलेल्या टेप ते व्हॅनमधून मोठ्यानं वाजवत गावभर हिंडायचे.

सालाकडे लक्ष द्या, १९७३. तेव्हा पंक, म्हणजे ते रांगडं बंडखोर रॉक, जन्मालाही यायचं होतं. 'पोस्ट-पंक' ही चिठ्ठी त्यांच्यावर मागाहून चिकटली. पंकनं त्यांना दिले ते श्रोते. आवाज त्यांच्याकडे आधीपासून होता.

पहिला जाहीर कार्यक्रम मे १९७५ मध्ये, शेफील्ड विद्यापीठात. आयोजकांना सांगितलं होतं की आम्ही रॉक वाजवतो. प्रत्यक्षात तालाला होती स्टीम हॅमरच्या (वाफेच्या घणाच्या) आवाजाची टेप लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरवलेली टेप, आणि कर्क लुकलुकत्या दिव्यांच्या माळा लावलेलं जाकीट घालून क्लॅरिनेट फुंकतोय! नाचायला आलेली पोरं खवळली, मंचावर चढली, मारामारी झाली आणि मॅलिंडरला इस्पितळात न्यावं लागलं. नादखुळी, तुमच्या नाटकाचा प्रश्न या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी हातात घेतला होता. स्टीम हॅमरचा आवाज त्यांनी पार्श्वभूमीला ठेवला नाही, तबल्याच्या जागी बसवला.

आता ऐकायचं काय. 'नॅग नॅग नॅग' (१९७९) झालंय, तर त्याच सालचा 'मिक्स-अप' तूर्त राहू द्या. तो चांगला आहे, पण चाचपडणारा आहे. थेट 'द व्हॉइस ऑफ अमेरिका' (१९८०) लावा. सुरुवातीला गर्दीला काय करू द्यायचं आणि काय नाही याच्या सूचना देणारा एक अमेरिकन आवाज येतो. कोरडा, सरकारी आवाज. त्याच्यावर कसलीही टिप्पणी नाही, फक्त खालून ताल सुरू होतो. इतकं साधं आहे, पण अंगावर काटा येतो.

मग 'रेड मेक्का' (१९८१). माझ्या लेखी हा त्यांचा कळस. इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध एकीकडे, अमेरिकी टीव्हीवर पैसे मागणारे धर्मोपदेशक दुसरीकडे, अशा हवेत तो झाला. त्यात घोषणा एकही नाही, फक्त वातावरण आहे. सुरुवातीला आणि शेवटाला हेन्री मॅन्सिनीची 'टच ऑफ ईव्हिल' या चित्रपटाची धून पार वितळलेल्या रूपात येते. मध्ये 'अ थाउजंड वेज' हे दहा मिनिटांहून मोठं गाणं आहे. ते हेडफोन लावून, दिवा मालवून ऐका. बासची ओळ हलत नाही. तिच्या भोवती ऑर्गन, गिटारची खरड, तुटके आवाज फिरत राहतात, आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला लक्षात येतं की मॅलिंडर काय म्हणतोय हे ऐकणं आपण सोडून दिलंय. त्याचा आवाज यंत्रांपैकी एक झालेला असतो. नटांच्या बोलण्यात आवाज मुरवायचाय म्हणालात ना? इथं उलट दिशेनं तेच घडलंय.

हे पचलं की मागे जा. '१९७४–१९७६' नावाची कॅसेट १९८० मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सनं काढली. माळ्यावरचे प्रयोग आहेत सगळे, कच्चे. ध्वनीचं काम करणाऱ्यानं ती ऐकायलाच हवी.

मधुर_कर्कश
निळा_कंदील, आदर ठेवून असहमत. नव्या माणसाला 'रेड मेक्का'च्या अंधारात ढकललं तर तो परत फिरेल. मी 'द क्रॅकडाउन' (१९८३) पासून सुरुवात केली आणि मागे गेले. वॉटसन बँड सोडून गेल्यावर कर्क आणि मॅलिंडर दोघंच उरले, व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीमार्फत रेकॉर्ड निघाली, आवाज स्वच्छ झाला आणि पाय हलायला लागले. पण धमकी तीच. त्याच्या पुढचं 'सेन्सोरिया' आणि पीटर केअरनं केलेला त्याचा व्हिडिओ बघा. आणि 'याशार' सोडू नका, विशेषतः जॉन रोबीचं १९८३ चं रूप. न्यूयॉर्कचा नाचाचा ताल आणि शेफील्डची भुतं एका खोलीत.

निळा_कंदील
@मधुर_कर्कश, 'याशार'ला शंभर टक्के अनुमोदन. पण नादखुळींना नाचायचं नाहीये, कारखाना उभा करायचाय. म्हणून मी वॉटसनच्या काळावर अडून बसलोय.

सहज_वाचक
ह्यूमन लीगसुद्धा शेफील्डचेच ना? 'डोन्ट यू वॉन्ट मी' वाले? त्यांचा आणि या खरखरीचा काय संबंध?

डॉनकाठ
संबंध आहे, आणि चांगलाच घट्ट आहे. मी २०१४ पासून शेफील्डमध्ये राहतो, आलो होतो धातुशास्त्र शिकायला. इथल्या जुन्या लोकांशी बोलून आणि पायी हिंडून जे कळलं ते लिहितो.

ह्यूमन लीगचं पहिलं रूप म्हणजे मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श. दोघंही संगणकावर पाळ्या करणारे ऑपरेटर. त्यांच्यासोबत ॲडी न्यूटन, आणि तिघांच्या गटाचं नाव 'द फ्युचर'. न्यूटन बाहेर पडला, त्यानं 'क्लॉक डीव्हीए' काढला. त्याच्या जागी फिल ओकी आला, जो इस्पितळात पोर्टर होता, आणि ह्यूमन लीग झाली. त्यांचं १९७८ चं 'बीइंग बॉइल्ड' ऐका, सहज_वाचक, तुमचा विश्वास बसणार नाही की हा तोच बँड. १९८० मध्ये फूट पडली. वेअर आणि मार्श यांनी 'हेवन १७' काढला, ह्यूमन लीग हे नाव ओकीकडे राहिलं आणि पुढच्या वर्षी तुम्ही म्हणता ते गाणं आलं.

यातली बरीच पोरं 'मीटव्हिसल' नावाच्या एका नाट्यप्रकल्पात भेटली होती. नादखुळी, हे खास तुमच्यासाठी: सगळ्याच्या मुळाशी नाटकाची तालीम आहे! नगरपालिकेच्या मदतीवर चालणारी ती जागा होती. शाळकरी मुलांनी यायचं, मंच, कॅमेरे, सामान वापरायचं, हवं ते करायचं. 'काय करताय?' असं फारसं कुणी विचारायचं नाही.

आता गावाबद्दल. लोक म्हणतात, पोलादाचे घण ऐकत मोठी झालेली पोरं, म्हणून संगीत असं झालं. ते खरं आहेच. शेफील्ड टेकड्यांवर वसलंय आणि कारखाने होते खाली डॉन नदीच्या काठानं. रात्री फोर्जच्या (पोलाद ठोकून घडवणाऱ्या कारखान्यांच्या) घणांचे ठोके वर घराघरांत पोचायचे, असं इथले अनेक वादक सांगत आलेत. पण नुसत्या आवाजानं बँड होत नाहीत. जागा लागते. आणि जागा मिळाली ती इथल्या सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यामुळे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

इथं 'लिटल मेस्टर' नावाचे कारागीर असत. स्वतःचा धंदा करणारे, मोठ्या इमारतीत एखादी खोली भाड्यानं घेऊन पाती घासणारे, मुठी बसवणारे. त्यामुळे गावाच्या मध्यात लहानलहान खोल्यांच्या विटांच्या इमारती भरपूर. सत्तरच्या दशकात धंदा बसत गेला आणि त्या खोल्या रिकाम्या पडत गेल्या. भाडं किरकोळ, भिंती जाड, रात्री शेजारी कुणी नाही. कॅबरे व्हॉल्टेअरनं पोर्टोबेलो भागात अशीच एक जागा घेतली, 'वेस्टर्न वर्क्स'. तीच तालमीची खोली, तोच स्टुडिओ. स्वतःचा स्टुडिओ म्हणजे घड्याळाकडे बघायची गरज नाही. एकच तुकडा रात्रभर फिरवत बसा, तासाचं बिल लावणारं कुणी नाही. 'रेड मेक्का' ज्या सावकाशीनं उलगडतो, ती सावकाशी या भाड्याच्या हिशेबातून आली असं माझं ठाम मत आहे.

ती खोली त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. क्लॉक डीव्हीएचं 'व्हाइट सोल्स इन ब्लॅक सूट्स' तिथं झालं. गायक इयन कर्टिस वारल्यावर जॉय डिव्हिजन या बँडचे उरलेले तिघं सप्टेंबर १९८० मध्ये मँचेस्टरहून तिथं आले आणि न्यू ऑर्डर म्हणून अगदी सुरुवातीचं ध्वनिमुद्रण त्यांनी त्या खोलीत केलं. कुणी गायचं हेही तेव्हा ठरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बसची. हसू नका. साउथ यॉर्कशरमध्ये सत्तरच्या मध्यापासून १९८६ पर्यंत बसभाडं जवळजवळ गोठवलेलं होतं, अक्षरशः काही पेन्स. नोकरी नसलेलं पोरगं गावाच्या कुठल्याही टोकाहून वेस्ट स्ट्रीटवर येऊ शकायचं. तिथं 'द लिमिट' क्लब (१९७८ ला उघडला), तिथंच 'हॅलमशर' पब. 'लेडमिल' १९८० मध्ये आलं. ज्याच्याकडे ॲम्प्लिफायर नाही त्याला दुसऱ्याचा मिळायचा, कारण दुसरा त्याच रस्त्यावर बसलेला असायचा. १९८० च्या सुरुवातीला पोलाद कामगारांचा तीन महिन्यांचा संप झाला, त्यानंतर नोकऱ्या हजारोंनी गेल्या. वाईट काळ होता. त्या काळातली बेकारीची झळ आठवताना इथली साठीतली माणसं अजूनही गप्प होतात, त्यामुळे मी 'त्यातून कला फुलली' वगैरे म्हणणार नाही.

आसपासचं काय ऐकाल? क्लॉक डीव्हीएचं 'थर्स्ट' (१९८१) नक्की. आर्टरी, आय'म सो हॉलो, कॉमसॅट एंजल्स. 'व्हाइस व्हर्सा' नावाच्या गटाची मुलाखत घ्यायला संगीतावर स्वतःची छोटी पत्रिका (फॅनझीन) काढणारा मार्टिन फ्राय गेला, त्यालाच त्यांनी गटात घेतलं आणि त्यांचा पुढे 'एबीसी' झाला. त्या लोकांच्या 'न्यूट्रॉन' लेबलनं एक छोटी रेकॉर्ड काढली होती, '१९८०: द फर्स्ट फिफ्टीन मिनिट्स'. चार बँड, एकेक गाणं. गाव एका बैठकीत ऐकायचं तर तीच.

आणि कधी इकडे आलात तर केल्हम आयलंड संग्रहालयात रिव्हर डॉन इंजिन बघा. १९०५ चं वाफेचं इंजिन, बारा हजार अश्वशक्ती, युद्धनौकांसाठी चिलखती पत्रे लाटायचं. ते अजून चालवून दाखवतात. सुरू होताना गर्जना वगैरे होत नाही. आधी तळपायाला कळतं, मग कानाला.

नादखुळी
डॉनकाठ, "आधी तळपायाला कळतं" हे वहीत लिहून घेतलं. दिग्दर्शकाला पाठवलंसुद्धा. काल 'रेड मेक्का' दोनदा ऐकला. पहिल्यांदा दमले, दुसऱ्यांदा थांबवता येईना.

पण अजून माझा तिसरा प्रश्न तसाच आहे. टेप लूप, टेप लूप सगळे म्हणतात. मी कधी टेपला हातच लावलेला नाही. माझं सगळं आयुष्य स्क्रीनवर कापण्यात गेलं. लॅपटॉपवर तुकडा उचलून पुन्हापुन्हा लावला तर तो तसा का ऐकू येत नाही?

पाव_इंची
मुलीनं हा धागा पाठवला म्हणून खातं उघडलं. बँडचं नाव मी या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं. पण आकाशवाणीत एकतीस वर्षं टेप कापली आहे, तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

टेप पाव इंच रुंदीची. वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर, चांगल्या कामाला ३८. म्हणजे आमच्यासाठी वेळ ही लांबी होती. भाषणातला एक खोकला बोटाएवढा असायचा. तो शोधायचा कसा, तर दोन्ही हातांनी दोन स्पूल धरून टेप हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, पुढे-मागे सरकवायची. शब्द उलटासुलटा कण्हत येतो, आणि जिथं आवाज सुरू होतो तिथं टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीनं रेघ. मग टेप ठोकळ्याच्या खाचेत बसवायची आणि ब्लेडनं तिरका काप घ्यायचा. सरळ कापलं तर जोडावर 'टक्' होतं. तिरका काप असला की एक आवाज ओसरता ओसरता दुसरा चढतो. ब्लेडला चुंबक लागलेलं असेल तर तिरका कापूनही टक् येतंच, म्हणून एखादं ब्लेड संशयास्पद वाटलं की आम्ही सरळ टाकून द्यायचो.

लूप म्हणजे हाच तुकडा शेपटीला तोंड लावून जोडायचा. चार सेकंदांचा लूप १९ च्या वेगावर पाऊण मीटर होतो. तो मशीनवर मावत नाही, त्यामुळे बाहेर काढून एखाद्या पेन्सिलीला किंवा माइकच्या स्टँडला वळसा घालून ताणून धरायचा. नादखुळीबाई, इथं तुमचं उत्तर आहे. तो ताण कधीच सारखा राहत नाही. प्रत्येक फेरीला किंचित ओढ बदलते, सूर केसाएवढा हलतो, जोड हेडवरून जाताना एक श्वास लागतो. लॅपटॉप तुम्हाला तोच ठोका शंभर वेळा देतो. लूप तुम्हाला शंभर ठोके देतो, एकमेकांचे सख्खे भाऊ.

ती '१९७४–१९७६' वाली कॅसेट मी काल ऐकली. संगीत मला अजून उमगलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण जोड ऐकू आले. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी हातचे जोड. टेबलाशी बसलेला तो टेलिफोनवाला मुलगा मला अगदी दिसला.

निळा_कंदील
काका, दंडवत. या धाग्याचं चीज झालं.

तुम्हाला सांगायलाच हवं की त्या टेलिफोनवाल्या मुलाचं पुढे काय झालं. १९८१ मध्ये वॉटसन बँड सोडून टाइन टीज या टीव्ही कंपनीत ध्वनिमुद्रक म्हणून गेला. पुढे तो निसर्गातले आवाज टिपणारा जगातला एक मोठा माणूस झाला. डेव्हिड ॲटनबरोंच्या मालिकांसाठी त्यानं काम केलं, 'द लाइफ ऑफ बर्ड्स'च्या ध्वनीसाठी बाफ्टा मिळाला. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्ड्स आहेत. 'वेदर रिपोर्ट' (२००३) मध्ये हवामान हेच संगीत. आणि 'एल ट्रेन फँटास्मा' (२०११) म्हणजे मेक्सिकोतला एक आगगाडीचा प्रवास, रूळ, चाकं, शिट्ट्या, किडे. नादखुळी, नाटकासाठी ही शेवटची आजच ऐका. यंत्र आणि रात्र एकत्र कशी नांदतात ते त्यात आहे.

आणि कर्कबद्दल दोन ओळी. तो शेफील्ड सोडून गेला नाही. १९९० मध्ये 'स्वीट एक्झॉर्सिस्ट' या नावानं डीजे पॅरटबरोबर त्यानं 'टेस्टोन' केलं, उपकरणं तपासायच्या सुरांवर उभं केलेलं नाचाचं गाणं. काका, तुमचा एक किलोहर्ट्झचा सूर आठवेल! त्याचा व्हिडिओ शेफील्डच्याच पल्प बँडच्या जार्विस कॉकरनं केला होता. ते गाणं काढणारं वॉर्प हे लेबलही शेफील्डचंच, १९८९ मधलं, आणि त्याची पहिली रेकॉर्ड ज्यांची होती त्यांनी गटाचं नाव घेतलं होतं गावातल्या पोलाद कारखान्यावरून, 'फोर्जमास्टर्स'. २०२० मध्ये कर्कनं एकट्यानं कॅबरे व्हॉल्टेअर नावानं 'शॅडो ऑफ फिअर' काढला. पुढच्या सप्टेंबरात तो गेला. त्या दिवशी मी कामावर होतो, जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून 'रेड मेक्का'मधलं 'लँडस्लाइड' ऐकलं. दुसरं काही सुचलं नाही.

मधुर_कर्कश
काकांच्या प्रतिसादानंतर मी माझा आग्रह मागे घेते. नादखुळी, आधी कॅसेट, मग 'रेड मेक्का', 'द क्रॅकडाउन' प्रयोग झाल्यावर. ईव्ह वुडचा 'मेड इन शेफील्ड' हा २००१ चा माहितीपटही बघून ठेव, यातली बरीच माणसं त्यात स्वतः बोलतात.

नादखुळी
काल रात्री एक करून पाहिलं. कोथरूडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस आहे, मालकांनी रेकॉर्ड करू दिलं. आधी मी माइक हवेत धरला, नेहमीचं प्लास्टिक. मग डॉनकाठ यांचं वाक्य आठवलं आणि माइक रबराच्या तुकड्यावर ठेवून थेट जमिनीला लावला. प्रेस पडायच्या आधी फरशीतून एक हुंकार येतो, जेमतेम अर्धा सेकंद. तोच पाहिजे होता. ठोका नकोच आहे मला, ठोक्याआधीचा हुंकार हवाय.

त्याचा लूप लॅपटॉपवर केला. काका म्हणतात तसंच झालं, तिसऱ्या फेरीला मेला. पाव_इंची काका, एक विचारू का? तुमच्याकडे मशीन अजून आहे का?

पाव_इंची
आहे. निवृत्तीनंतर भंगारातून घेतलं होतं, दोन महिने खपून सुरू केलं. डावीकडची मोटर गरम होते, अर्ध्या तासानं विश्रांती द्यावी लागते. ठोकळा आहे, मेणाची पेन्सिल आहे, जोडपट्टीचा एक रीळ शिल्लक आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवतो. रविवारी सकाळी या. तुमचा तो हुंकार पेन ड्राइव्हवर आणा, आणि येताना ब्लेडचं नवं पाकीट घ्या, माझी जुनी झालीत.